टीपीएस फिरवण्याआधी मीटर लावा

रेस एकसारखी धरली असतानाही गाडी आचके देते. उभ्या गाडीचा स्लो स्पीड आपोआप वरखाली होतो. मनगट वळवलं की क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम उसळते. पेट्रोल इंजेक्शनवाल्या मोटरसायकलची अशी तक्रार आली की पहिलं नाव निघतं ते टीपीएसचं, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं. दोन स्क्रूंवर बसलेला हा छोटा डबा हाताला येतो, सैल करून फिरवता येतो, म्हणून संशयही आधी त्याच्यावरच जातो. मी मात्र नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो: व्होल्ट मोजणाऱ्या मीटरवर आकडा पाहिल्याशिवाय आणि तो कागदावर लिहिल्याशिवाय त्या स्क्रूंना हात लावायचा नाही. सेन्सर एकदा हलला आणि मूळ जागेची खूण नसेल, तर एका दोषाचे दोन दोष होतात.

आत काय असतं

थ्रॉटल बॉडीच्या भोकात एक गोल चपटी झडप असते. केबल ओढली की ती उघडते आणि इंजिनला हवा मिळते. या झडपेच्या दांड्याच्या टोकावर टीपीएस बसवलेला असतो. आत कार्बनचा एक अर्धगोल पट्टा आणि त्यावर घासत सरकणारी धातूची पातळ बोटं, एवढाच त्याचा संसार. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण याच जातीचं असतं, आणि ते बटण झिजल्यावर जशी खरखर येते तशीच खरखर हा सेन्सर झिजला की ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाला, ऐकू येते. काही नव्या गाड्यांत घासणारा पट्टा नसतो, चुंबकावर चालणारा सेन्सर असतो. तो असा झिजत नाही.

वायरी तीन. एकीतून ईसीयू ५ व्होल्ट देतो, दुसरी अर्थ (निगेटिव्ह), तिसरी सिग्नल. झडप मिटलेली असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर साधारण ४ ते ४.५ व्होल्ट असतो. साधारण हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मॅग्नेटी मॅरेलीचं इंजेक्शन असलेल्या काही जुन्या डुकाटींत झडप ठार मिटवून १५० मिलिव्होल्टवर सेन्सर लावतात. तिथे कुणी ०.५ व्होल्ट लावून ठेवले तर गाडी धड चालणारच नाही. त्यामुळे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच खरा. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उसना घेऊ नका.

झडप किती उघडी आणि इंजिनचे फेरे किती, या दोन गोष्टींवरून ईसीयू तक्त्यातून पेट्रोलचं माप ठरवतो. बऱ्याच गाड्यांत कमी रेसवर हवेच्या दाबाचा सेन्सर मुख्य असतो आणि झडप जास्त उघडली की टीपीएसचा शब्द चालतो. शिवाय रायडरने रेस पूर्ण सोडली आहे हेही ईसीयूला टीपीएसच सांगतो. त्यावरून स्लो स्पीडचा हिशेब लागतो आणि उतारावर पेट्रोल तोडायचं की नाही हे ठरतं. म्हणूनच मिटलेल्या स्थितीतला आकडा थोडा जरी चुकला तरी गाडी लगेच बोलते.

दोन अपवाद सुरुवातीलाच सांगतो. काही कार्ब्युरेटरच्या गाड्यांनाही टीपीएस असतो, पण तो फक्त ठिणगीची वेळ ठरवायला. त्या गाडीत पेट्रोल कमीजास्त होण्याची तक्रार असेल तर कार्ब्युरेटरच उघडा. दुसरा अपवाद केबलऐवजी मोटरने झडप उघडणाऱ्या गाड्यांचा, उदाहरणार्थ २००६ची यामाहा आर६ आणि तिच्यानंतर आलेल्या कितीतरी. त्यांत एकाला दुसरा पडताळून पाहील असे जोडीचे सिग्नल असतात आणि हाताने सेटिंग करायची सोय नसते. तिथले स्क्रू सोडू नका. पुढचं सगळं केबलवाल्या, इंजेक्शनच्या गाड्यांसाठी आहे.

दोष कुणाच्या मागे येतो ते बघा

हत्यारं काढण्याआधी गाडी चालवून एक गोष्ट ठरवायची: दोष कशाच्या मागे येतो? हाताच्या मागे, फेऱ्यांच्या मागे, उष्णतेच्या मागे, की जोराच्या मागे?

यासाठी मी कागदी चिकटपट्टी वापरतो. रेसच्या मुठीवर एक तुकडा, शेजारच्या स्विचच्या डब्यावर एक तुकडा. रेस सोडलेली असताना दोन्ही तुकड्यांवरून पेनाने एक सरळ रेघ मारायची. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जायचं. आचके सुरू झाले की मुठीवरची रेघ किती सरकली आहे ते एका नजरेत टिपायचं आणि लगेच रस्त्याकडे बघायचं. तेच चौथ्यात, तेच पाचव्यात. तिन्ही वेळा रेघ त्याच जागी आली आणि फेरे मात्र वेगवेगळे होते, तर दोष हाताच्या मागे आहे. टीपीएसवर संशय घ्यायला इथे पहिल्यांदा आधार मिळतो. पट्टा सगळ्यात जास्त झिजतो तो रोजच्या चालवण्यात बोटं जिथे तासन्‌तास थरथरत असतात तिथे, म्हणजे मिटलेल्या जागेपासून थोड्याशा उघड्या रेसपर्यंत. म्हणून झिजलेल्या सेन्सरची गाडी हळू, एकसारख्या वेगात त्रास देते आणि जोरात रेस दिली की गुणी होते.

हात कुठेही असो, ठरावीक फेऱ्यांवरच मिसिंग येत असेल तर ठिणगीकडे बघा. इंजिन तापल्यावरच येत असेल तर कॉइल आणि पेट्रोल पंपाकडे. चढावर, पूर्ण रेसवरच दम कमी पडत असेल तर पेट्रोलचा दाब आणि फिल्टरकडे. उभ्या गाडीचं हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवल्यावर फेरे बदलत असतील तर हँडलजवळच्या वायरिंगकडे, किंवा ताणल्या जाणाऱ्या रेसच्या केबलकडे. आणि एक फार साधी गोष्ट: चेन सैल असेल तर हळू वेगात रेस धरताना आणि सोडताना जे हिसके बसतात, ते अगदी इंजेक्शनच्या दोषासारखे वाटतात. चेन आधी तपासा.

डॅशबोर्डवर दोषाचा कोड आहे का तेही बघा. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत दिवा ८ वेळा लुकलुकला तर टीपीएस, सुझुकीत सी१४, कावासाकीत ११, यामाहात १५ किंवा १६. पण कोड नाही म्हणजे सेन्सर ठीक, असं समजू नका. सिग्नल ठरवलेल्या हद्दीच्या बाहेर गेला तरच बहुतेक ईसीयू कोड देतात. सेन्सर थोडा फिरलेला असेल किंवा पट्ट्यावर एखादी बारीक झीज असेल तर आकडा हद्दीतच राहतो आणि दिवा गप्प बसतो.

आधी बाकीची घरं तपासा

मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. माझी दोन सिलिंडरची गाडी स्लोवर डुलायला लागली. ऐकीव माहितीवर मी टीपीएसचे स्क्रू सोडले, खूण न करता. फिरवत राहिलो. कधी बरी वाटायची, कधी बिघडायची, आणि दोन आठवड्यांनी तर ती थंड असताना सुरूच होईना. शेवटी थ्रॉटल बॉडी काढली तेव्हा इंजिनच्या बाजूच्या रबरी नळीला, क्लॅम्पच्या बरोबर खाली, नखाएवढी चीर दिसली. बोटांनी रबर वाकवल्याशिवाय ती दिसतच नव्हती. नळी बदलल्यावर जुना दोष गेला, पण सेन्सर मी कुठून कुठे नेला होता हे मलाच माहीत नव्हतं. मॅन्युअल मिळवून पहिल्यापासून सगळं लावावं लागलं. तेव्हापासून क्रम मोडत नाही.

क्रम असा. बॅटरी नीट चार्ज आहे ना. एअर फिल्टर स्वच्छ आहे ना. प्लग काढून रंग बघा. काळा, काजळी धरलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी. एकाच सिलिंडरचा प्लग वेगळा दिसत असेल तर टीपीएसला दोष देऊ नका, कारण त्याचा सिग्नल सगळ्या सिलिंडरना सारखाच जातो. टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची मोकळीक लावणं, किती किलोमीटरपूर्वी झालं आहे? टॅपेट घट्ट झाले की स्लो बिघडतो. रेसच्या केबलला मॅन्युअलप्रमाणे मोकळीक आहे का? बऱ्याच गाड्यांत मुठीच्या कडेला २ ते ४ मिलिमीटर चालते. मोकळीकच नसेल तर झडप कधी पूर्ण मिटतच नाही.

रबरी नळ्यांची गळती शोधायला बरेच जण चालू इंजिनवर कार्ब्युरेटर क्लीनर मारतात. तो पेट घेतो आणि खाली सायलेन्सर तापलेला असतो. मी बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारतो. चीर असेल तर फेरे क्षणभर बदलतात. इंजिन चालू ठेवून करायचं काहीही उघड्यावर करा, बंद खोलीत नाही. आणि टाकी उचलायची असेल तर आधी पेट्रोल लाइनमधला दाब मॅन्युअलप्रमाणे कमी करा.

झडपेच्या कडेला काळं किटण बसलेलं असेल तर पुसून घ्या. सेन्सरवर क्लीनर उडू देऊ नका आणि भोकाच्या आतला भाग घासू नका, कारण काही थ्रॉटल बॉडींना आतून लेप असतो. एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर थ्रॉटल बॉडींचं सिंक, म्हणजे सगळ्या झडपा सारख्या उघडतील असं जुळवणं, टीपीएसच्या आधी. सिंक करताना ज्या दांड्यावर सेन्सर आहे तो हलू शकतो, आणि मग आधी केलेलं टीपीएसचं काम फुकट जातं.

आता मीटर

सेन्सरचा कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, लावलेलाच ठेवायचा. त्याच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने, बारीक टाचणी हळूच आत सरकवायची आणि तिला मीटरची टोकं लावायची. दोन टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नका. वायरीचं आवरण टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभरात आतलं तांबं हिरवं पडतं. मीटर डीसी व्होल्टवर, चावी चालू, इंजिन बंद.

पहिलं माप सेन्सरला मिळणाऱ्या व्होल्टेजचं. ते ५ व्होल्टच्या अगदी जवळ हवं. ४.६ वगैरे दिसलं तर सेन्सर फिरवून ते भरून काढायचा प्रयत्न करू नका. बहुतेक गाड्यांत हेच ५ व्होल्ट दाबाच्या सेन्सरलाही जातात. त्याचा कप्लर काढल्यावर व्होल्टेज वर आलं तर चोर तिथे आहे.

दुसरं माप अर्थचं. मीटरचं एक टोक सेन्सरच्या अर्थ वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे जेमतेम काही मिलिव्होल्ट यावेत. ०.१ व्होल्टच्या वर येत असतील तर अर्थच्या जोडणीत गंज किंवा सैलपणा आहे. यापुढची सगळी मापं सेन्सरच्याच अर्थ वायरीवर काळं टोक ठेवून घ्या, चासीवर नाही. चासी आणि सेन्सरचा अर्थ यांत जो फरक असतो तो आपण करणार असलेल्या सेटिंगपेक्षाही मोठा असू शकतो.

तिसरं माप सिग्नलचं. चोक किंवा फास्ट आयडलचा खटका बंद आहे हे पाहा आणि रेस सोडलेली असताना आकडा लिहा. मग मूठ पूर्ण उघडून धप्पकन सोडा. पुन्हा आकडा लिहा. असं पाच-सहा वेळा. दर वेळी आकडा जवळजवळ तोच यायला हवा, फार तर ५-१० मिलिव्होल्टचा फरक. कधी ०.५२, कधी ०.५८, कधी ०.५५ असं येत असेल तर सेटिंग करण्यात अर्थ नाही. झडप एकाच जागी मिटत नाही तरी, नाहीतर सेन्सर झिजलेला तरी. थ्रॉटल बॉडीचा दांडा बोटांत धरून वरखाली हलवून पाहा. त्याच्या बुशला खेळ आला असेल तर आकडाही नाचतो आणि तिथून हवाही ओढली जाते.

चौथं माप सगळ्यात महत्त्वाचं, आणि घाईत हेच राहून जातं. झडप अगदी सावकाश, दहा-पंधरा सेकंद घेत, मिटलेल्या जागेपासून पूर्ण उघडेपर्यंत न्यायची. आकडा अखंड चढत गेला पाहिजे. मध्ये कुठे तो थबकला, मागे आला किंवा एकदम उडी मारली, तर तिथे पट्टा झिजला आहे. तसंच सावकाश परत या. साधं डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतं, त्यामुळे बारीक खळगा त्याच्या नजरेतून सुटतो. जुनं काट्याचं मीटर असेल तर ते काढा. काटा थरथरतो तेव्हा डोळ्याला लगेच दिसतं. मीटरमध्ये किमान आणि कमाल नोंदवायची सोय असेल तर तीही चालते. चिकटपट्टीच्या रेघेने जी जागा दाखवली होती तिथे जास्त वेळ द्या. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर हलके टिचके मारा, कप्लरजवळची वायर थोडी हलवा. झिजलेल्या पट्ट्याला सेटिंग हा उपाय नाही. सेन्सर बदलायचा, आणि नवीन आणल्यावरही हीच चार मापं पुन्हा घ्यायची.

फिरवायचं ठरलं तर

सिग्नल अखंड आहे, दर वेळी तोच येतो, पण मिटलेल्या जागेचा आकडा मॅन्युअलशी जुळत नाही. आता फिरवायला हरकत नाही.

मॅन्युअल कोणत्या स्थितीत मोजायला सांगतं ते नीट वाचा. काही गाड्यांत झडप स्लोच्या स्क्रूवर टेकलेली असताना, इंजिन गरम करून ठरलेल्या फेऱ्यांवर आणल्यानंतरचा आकडा दिलेला असतो. काहींत झडप पूर्ण मिटवून. ज्या गाडीत स्लोचा स्क्रू झडपेलाच ढकलतो तिथे स्लो बदलला की टीपीएसचा आकडाही बदलतो, म्हणून स्लो आधी लावा. कारखान्यात रंग लावून बंद केलेला झडपेच्या अडथळ्याचा स्क्रू वेगळा. तो कधीही फिरवायचा नाही. सगळी मापं त्याच्या आधाराने बांधलेली असतात.

सेन्सर आणि बॉडी या दोन्हींवरून जाणारी एक रेघ सुईने ओरखडा. हीच परतीची वाट. स्क्रू बऱ्याचदा चांदणीच्या आकाराच्या डोक्याचे, कधी मधोमध टोक असलेले असतात. नेमक्या मापाचा बिट वापरा, कारण डोकं एकदा गेलं की ॲल्युमिनियमच्या बॉडीतून तो काढणं फार त्रासाचं. स्क्रू एवढेच सैल करा की सेन्सर जोर लावल्यावरच हलेल.

आता हिशेब लक्षात घ्या. झडप सुमारे ८० अंश फिरते आणि तेवढ्यात सिग्नल जवळजवळ ४ व्होल्टने बदलतो, म्हणजे १ अंशाला ५० मिलिव्होल्ट. आपल्याला दुरुस्ती करायची असते २०-३० मिलिव्होल्टची. डोळ्याला हललेलं दिसलं तर ते बहुधा जास्तच हललं. मी सेन्सरच्या कानावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून तळहाताने हलकी थाप देतो, मीटर बघतो, पुन्हा थाप. स्क्रू घट्ट करताना सेन्सर हमखास थोडा सरकतो. त्यामुळे एक स्क्रू थोडा, दुसरा थोडा, आणि नजर आकड्यावर. खरं माप दोन्ही स्क्रू घट्ट झाल्यानंतरचं. पहिल्यांदा बहुतेक जमत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी किती अलीकडे थांबायचं ते हाताला कळतं.

सुझुकीच्या बऱ्याच गाड्यांत मीटरऐवजी डॅशबोर्डच मदत करतो. ठरलेल्या कप्लरमधल्या दोन वायरी जोडल्या की पडद्यावर सी०० येतं आणि त्याच्या आधी एक आडवी रेघ. इंजिन गरम करून स्लोवर असताना ती रेघ मधोमध यायला हवी. वर किंवा खाली असेल तर सेन्सर फिरवायचा.

शेवटी झडप पूर्ण उघडून वरचा आकडाही बघा. खालचा बरोबर आणि वरचा फार कमी असेल तर बऱ्याचदा केबल झडपेला पूर्ण उघडत नसते.

चाचणी

काही ईसीयू चावी चालू होताना मिटलेल्या झडपेचा आकडा स्वतःच टिपतात. काहींना निदानाच्या उपकरणाने तो नव्याने शिकवावा लागतो, आणि ते केलं नाही तर नीट लावलेला सेन्सरही चुकीचा ठरतो. तुमची गाडी कुठल्या प्रकारची हे मॅन्युअलमध्ये असतं. स्वतः शिकणारी असेल तर चावी बंद करून थोडं थांबा आणि मग रेसला हात न लावता चालू करा.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. रेस हळूच उघडताना गाडी खोकत असेल किंवा बंद पडत असेल तर आकडा कमी राहिला असावा: झडप आहे त्यापेक्षा जास्त मिटलेली आहे असं ईसीयूला वाटतं आणि तो पेट्रोल कमी देतो. उलट स्लोवर पेट्रोलचा वास, प्लगवर काजळी, रेस सोडल्यावर फेरे वरच रेंगाळणं, ही आकडा जास्त असल्याची चिन्हं. मुठीवरची चिकटपट्टी अजून तशीच असेल. त्याच रस्त्यावर, त्याच तीन गिअरमध्ये, रेघ त्याच जागी आणून बघा.

आचके तसेच असतील तर सेन्सर पुन्हा फिरवू नका. मीटरने तो बरोबर असल्याचं सांगितलं आहे, दोष दुसरीकडे आहे. गाडी सुधारली असेल तर तारीख, किलोमीटर, आलेले ५ व्होल्ट, मिटलेला आकडा आणि पूर्ण उघडलेला आकडा एका कागदावर लिहून सीटखाली चिकटवा. पुढच्या वेळी स्लो बिघडला की आधी तो कागद वाचा आणि मग टाचण्या लावा.